आसरा, व्हिसा आणि आईचा हक्क



चिपळूण, खेड, गुहागर, दापोली या आपल्या भागात घरातलं कुणी ना कुणी कामासाठी बाहेर गेलेलं नाही, असं घर शोधावं लागेल. आधी मुंबई होती, मग आखात आलं, आता अमेरिका, इंग्लंड, जर्मनी ही नावंही आपल्या ओळखीची झाली. उलट आपलं अलोरे बघा. कोयनेच्या वीज प्रकल्पामुळे कुठकुठली माणसं इथे येऊन राहिली. परक्या गावात बिऱ्हाड थाटणं म्हणजे काय, हे इथल्या बायकांना सांगावं लागत नाही. आता तर लेकी आणि सुनाही परदेशी जातात. बऱ्याच जणी नवऱ्याच्या नोकरीमागे जातात आणि मुलं तिकडेच जन्मतात.

पण तिथे एखादीचा संसार मोडला किंवा नवरा गेला आणि ती मुलासकट एकटी पडली, तर? मग दोन प्रश्न एकदम उभे राहतात. या देशात राहायची परवानगी मला आहे का? आणि माझं मूल कुणाच्या ताब्यात? हे प्रश्न आजचे वाटतात खरे. पण महाराष्ट्रातल्या एका एकट्या आईनं परक्या देशात हे ओझं १४० वर्षांपूर्वी उचललं होतं. आज तिच्यापासून सुरुवात करू.

त्या पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं, तेही अशा काळात की बाईनं अक्षर गिरवलं तरी लोक नावं ठेवत. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील गेले. भावाबरोबर पायी फिरत, पुराणं सांगत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊही वारला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून नातलगांनी पाठ फिरवली. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा, दहा महिन्यांची लेक, आणि माहेर-सासर म्हणावं असं कुणी उरलेलं नाही.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना वैद्यकी शिकायची होती. पुस्तकाचे पैसे प्रवासाच्या कामी आले आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये लेकीला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या.

तेव्हा व्हिसा नव्हता. हिंदुस्थानावर आणि इंग्लंडवर एकाच राणीचा अंमल, त्यामुळे बंदरावर शिक्का मारायला कुणी बसलेलं नव्हतं. पण आसरा लागतोच. तो मिळाला वाँटेज गावातल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात. या मठाच्या सिस्टर पुण्यातही काम करत, तिथली ही ओळख. ठरलं असं की रमाबाईंनी हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात मायलेकींनी तिथे राहायचं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्यानं वैद्यकीचा विचार सोडावा लागला होता. मनोरमा बराच काळ मठातल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली असे. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना मायलेकी ‘आजीबाई’ म्हणत, इतकी माया होती.

आणि इथेच ठिणगी पडली. मनोरमेला धर्माचं काय शिकवायचं, हे कुणी ठरवायचं? रमाबाईंचं म्हणणं होतं की ख्रिस्ती धर्मातल्या काही गोष्टी अजून मलाच पटलेल्या नाहीत, तर त्या माझ्या लेकीच्या डोक्यात आत्ताच भरू नका. सिस्टर जेराल्डिनना वाटे, बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चचं सांगणं आई आणि लेक दोघींनी मानायला हवं. लेक जेमतेम चार वर्षांची. तिचं खाणं, राहणं, दुखणंखुपणं सगळं मठ बघत होता. आता ज्यांच्या घरचं अन्न लेक खाते, त्यांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

रमाबाईंनी म्हटलं. पत्रांमागून पत्रं लिहून म्हटलं. प्रेम न तोडता, उपकार न विसरता, पण आई मी आहे आणि हे मी ठरवणार, असं ठाम सांगितलं. विशेष म्हणजे ही पत्रं जपून ठेवली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच. महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये ती छापली, म्हणून आज आपल्याला दोन्ही बाजू वाचता येतात. वाचताना सिस्टर दुष्ट वाटत नाहीत. त्यांचा मनोरमेवर खरोखर जीव होता. पण जीव असणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं, हेच तर रमाबाई सांगत होत्या.

१८८६ च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या ११ मार्चच्या पदवीदान समारंभासाठी. मनोरमा बरोबर होती. पुढे गावोगाव व्याख्यानं देत फिरायचं ठरलं. लहान मुलीला घेऊन ते कसं जमणार? मग लेकीला त्यांनी परत वाँटेजला आजीबाईंकडेच ठेवलं. ज्यांच्याशी वाद झाला, त्यांच्याच हाती पोटचं मूल द्यावं लागलं. एकट्या आईची अडचण याहून नेमकी कोण सांगेल? १८८९ मध्ये रमाबाई मायदेशी परतल्या आणि इथे मायलेकी पुन्हा एकत्र आल्या. मनोरमा शिकली, शाळा चालवू लागली आणि आईचा उजवा हात झाली.

आपल्या जिल्ह्याचा एक धागा इथे जुळतो. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, माहेर देवरुखकडचं. पुढे मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं आणि त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या.

पण इतिहास एकाच बाजूनं सांगू नये. सदन पुण्याला आल्यावर रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये गहजब झाला आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालक म्हणाले, आसरा दिलात म्हणून आमच्या मुलींचा धर्म तुम्ही ठरवणार का? वाँटेजला जो प्रश्न रमाबाईंनी विचारला, तोच आता त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. ज्याच्या हाती आसरा असतो त्याची सत्ता नकळत चालते, मग तो आसरा कितीही मायेचा असो.

आता कायद्याकडे वळू. त्या काळी इंग्लंडच्या कायद्यातही मुलावर आधी हक्क बापाचाच. बाप वारल्यावर आई पालक, हे तिथे १८८६ च्या कायद्यानं ठरलं. आपल्याकडे १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आला, मग १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा. त्यात लिहिलं आहे की नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईजवळ असावं. या ‘नंतर’ शब्दावर लेखिका गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे होते, तर अर्जावर आईची सही चालेना. १९९९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. तो जवळ नसेल, मुलाकडे बघत नसेल, तरी आई पालक म्हणून सही करू शकते.

नागरिकत्वाचीही तीच तऱ्हा. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व डिसेंबर १९९२ पर्यंत बापाकडूनच मिळे. त्यानंतर जन्मलेल्यांना ते आईकडूनही मिळतं. मात्र आता अशा मुलाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते, हे लक्षात ठेवा. पासपोर्टच्या अर्जावर आई किंवा बाप, एकाचंच नाव चालतं, हा बदल डिसेंबर २०१६ मधला.

आता व्हिसाचं. रमाबाईंच्या वेळी आसरा मठाचा होता, आज तो व्हिसाचा असतो. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायको ‘आश्रित’ म्हणून जाते. अमेरिकेत घटस्फोट झाला की त्या आश्रित व्हिसाचा आधार संपतो. पण मुलाच्या ताब्याचा खटला तिथल्या कोर्टात चालूच राहतो. मूल तिथे जन्मलं असेल तर ते तिथलं नागरिक. म्हणजे आईला देश सोडायची वेळ येते आणि मुलाला नेण्याची परवानगी नसते. आणि न विचारता मुलाला घेऊन ती माहेरी आली, तर तिकडे मूल पळवल्याचा ठपका येतो.

यावर १९८० मध्ये हेग शहरात देशादेशांचा एक करार झाला. मूल जिथे राहत होतं त्या देशात ते आधी परत पाठवायचं, मग ताबा तिथलं कोर्ट ठरवेल, असा त्याचा गाभा. भारतानं त्यावर सही केलेली नाही. नवऱ्याच्या जाचातून मुलासकट निसटून आलेल्या बायकांना परत त्याच जागी पाठवावं लागेल, ही इथली मोठी काळजी आहे. त्यामुळे आपली न्यायालयं एकेका मुलाचं हित बघून निकाल देतात.

दोन निकाल शेजारी ठेवून बघा. १९८६ मध्ये एक अमेरिकन आई आपल्या सर्वोच्च न्यायालयात आली. तिथल्या कोर्टानं मुलाचा ताबा तिला दिला होता. बाप भारतीय, भेटीच्या दिवशी मुलाला घेऊन गेला तो थेट भारतात आला. मूल सापडलं पुण्यात, आजी-आजोबांच्या घरी. न्यायालयानं मूल आईला दिलं आणि तिच्याबरोबर परत जाऊ दिलं. २०१७ च्या निकालात आई भारतीय, तिनं मुलीला इंग्लंडहून दिल्लीला आणलं होतं. इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम होता की मुलीला परत आणा. आपल्या न्यायालयानं म्हटलं, परक्या कोर्टाचा हुकूम ही विचारात घ्यायची एक बाब आहे, पण सगळ्यात वर मुलाचं हित. मुलगी आईजवळ राहिली. एक मूल परत गेलं, एक इथे राहिलं, दोन्ही वेळी प्रश्न एकच होता. या मुलाचं भलं कुठे आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, लेक परदेशी निघाली की लोणच्याच्या बरणीबरोबर तिला चार गोष्टीही द्या. लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या प्रती माहेरी एक संच करून ठेवा. आपला व्हिसा कुणाच्या नावावर आहे आणि कधी संपतो, हे तिला स्वतःला ठाऊक असू दे. वाद झालाच तर मूल घेऊन निघण्याआधी तिथल्या वकिलाला विचारायला सांगा. भारतीय वकिलातीकडे मदत मागता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात परदेशी लग्नांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. आणि इथे, रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. विधी सेवेचा देशभरासाठीचा फोन नंबर आहे १५१००.

आणखी एक, रमाबाईंकडून घेण्यासारखं. परक्या देशात त्या ‘नाही’ म्हणू शकल्या, कारण त्या फुकट राहत नव्हत्या. मराठी शिकवत होत्या, संस्कृत शिकवत होत्या, पुस्तकं लिहून पैसे उभे करत होत्या. आणि जे म्हणायचं ते कागदावर लिहीत होत्या. हातात कला, नावावर कागद आणि गाठीला चार पैसे असले, तर आईच्या शब्दाला वजन येतं. आपल्या बचतगटाच्या वहीत दर महिन्याला सही करताना आपण तेच तर शिकतो आहोत.