आंबिलीची थोरली बहीण

नेसरी हे गाव इतिहासात एकदाच आले, आणि असे आले की पुन्हा यायची गरजच उरली नाही. २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. खिंडीत सातही जण पडले आणि गाव अमर झाले. पुढे कुसुमाग्रजांनी त्यावर कविता लिहिली, तिचे गाणे झाले, आणि आम्हां नेसरीकरांची कायमची पंचाईत झाली. मुंबई-पुण्यात कोणी ‘गाव कोणतं?’ म्हणून विचारले आणि आपण ‘नेसरी’ म्हटले, की समोरचा माणूस एकदम ताठ होतो आणि आपल्या अंगावर निदान एखाद्या तलवारीच्या वाराची खूण तरी असेल या अपेक्षेने बघू लागतो. अशा गावच्या माणसाने बिअरच्या इतिहासावर लिहायला बसावे, म्हणजे देवळाच्या पायरीवर रमीचा डाव मांडण्यासारखेच आहे!

पण इतिहासाविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे. लढाई कुठे झाली, तह कुठे झाला, कोणाचा हत्ती कुठल्या नदीत अडकला, हे सगळे पानोपान असते. संध्याकाळी दमूनभागून घरी आलेला माणूस काय प्याला, याला मात्र एक ओळ मिळत नाही. वास्तविक राजे बदलले तरी त्याची तहान काही बदलत नव्हती.

याला अपवाद कौटिल्याचा. अर्थशास्त्रात त्याने सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक सबंध प्रकरण खर्च केले आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे पेयांचे सहा प्रकार तो सांगतो. नुसती नावे सांगून थांबेल तर तो कौटिल्य कसला? मेदकाची कृतीच देतो : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे विरजण म्हणा ना. तेही उडीद आणि तांदूळ घालून केलेले. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात ‘किण्वन’ हा शब्द होता आणि तो कुणीतरी इंग्रजीवरून बेतला असावा अशी माझी खातरी होती. तो कौटिल्याच्या तळघरातून आलेला निघाला. आता तांदूळ, पाणी आणि विरजण घालून जे तयार होते, त्याला आजच्या भाषेत तांदळाची बिअर म्हणतात.

गुत्ता कसा असावा हेही कौटिल्याने लिहून ठेवले आहे. अनेक खोल्या हव्यात, बसायला आसने, निजायला खाटा, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी; आणि कोणत्याही ऋतूत सुखकर वाटावे अशी सगळी व्यवस्था. (शिवाय गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला हेर. सुख द्यावे, पण त्याची नोंद ठेवावी, हे राज्यकारभाराचे सूत्र बरेच जुने दिसते.) ज्याच्या चांगल्या वर्तनाबद्दल खातरी आहे, त्यालाच थोडीशी घरी न्यायची मुभा. म्हणजे परमिटची कल्पनासुद्धा मोरारजीभाईंची नव्हे! आणि उत्सवात, यात्रेत लोकांना चार दिवस घरी गाळायची मोकळीक. चारच दिवस. पाचव्या दिवशी सुराध्यक्ष दारात उभा.

दूर सुमेरमध्ये तर निन्कासी नावाची बिअरची देवीच होती. तिच्या सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्तोत्रात बिअर करण्याची कृती गुंफलेली आहे. हे लोक मोठ्या भांड्यात नळ्या खुपसून बिअर ओढीत, कारण वर कोंडा तरंगत असे. शेजारच्या बाबिलोनमध्ये हम्मुराबीने कायदा केला, की कलालीण माप मारील तर तिला पाण्यात फेकावे. माप मारणाऱ्यांना आजही हाच कायदा लावला तर नद्यांना उन्हाळ्यातसुद्धा पूर येतील.

आता सुमेरमधून मी तुम्हांला थेट आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात घेऊन जाणार आहे. दचकू नका. अंतर वाटते तेवढे नाही.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा आमचा पट्टा भाताचा, उसाचा आणि नाचणीचा. नाचणी आली की आंबील आली. रात्री नाचणीचे पीठ ताकात भिजवून ठेवायचे, सकाळी ते आंबले की शिजवायचे, मीठ-जिरे घालायचे आणि उन्हातून आलेल्या माणसापुढे तांब्या ठेवायचा. आत्याच्या हातची आंबील हे आमच्या घराण्यातले एकमेव निर्विवाद वैभव. ती घड्याळ बघत नसे. भांड्यावरचे झाकण काढून नुसता वास घेई आणि म्हणे, “अजून घटकाभर थांबाय पायजे.” किंवा, “गेली ही. म्हशीला घाला.” या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी ती बरोबर चव असे. लुई पाश्चरने १८५७ साली दूध आंबते कसे यावर निबंध लिहिला आणि १८७६ साली बिअरवर ग्रंथ. त्याला मधली एकोणीस वर्षे लागली. आत्याची चूल जवळ असती तर बरेच काम आटोपले असते.

कारण आंबील आणि बिअर या सख्ख्या बहिणी आहेत. एकीला दह्याचे जंतू आंबवतात, दुसरीला यीस्ट. म्हणून एक आंबट निघते आणि दुसरी जरा वाहवत जाते. बाकी घराण्याचे वळण तेच. आमच्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणतात, वाळवतात आणि दळून सत्त्व करतात. धान्याला मोड आले की त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, म्हणून ते गोड लागते आणि बाळाला पचते. बिअरवाले बार्लीला नेमके हेच करतात आणि त्याला ‘माल्टिंग’ म्हणतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या तमाम आज्या पिढ्यान्‌पिढ्या बिअरची अर्धी कृती पार पाडून उरलेली अर्धी बाळाच्या तोंडात घालत आल्या!

ती उरलेली अर्धी कृती हिमालयात पूर्ण झाली. सिक्कीमकडे आणि नेपाळच्या पूर्व भागात लिंबू लोक हीच आपली नाचणी आंबवून लाकडी भांड्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीने सावकाश ओढतात. त्याला तोंगबा म्हणतात. तेच धान्य आणि तीच सुमेरी नळी. आमची नाचणी थंडीकडे गेली आणि बिघडली, असे आत्या म्हणेल. मी म्हणतो, नोकरीला लागली.

इंग्रज आले ते तहान बरोबर घेऊनच. लंडनच्या हॉजसन नावाच्या बिअरवाल्याचा माल जहाजात भरून आफ्रिकेला वळसा घालून मुंबई-कलकत्त्याला येई. फिकट रंगाच्या, कडवट, भरपूर हॉप्स घातलेल्या त्या बिअरला पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नावच पडले. ज्या पेयाच्या नावात इंडिया आहे ते इंडियनांना मात्र फारसे मिळत नसे. मग एडवर्ड डायरने हिमालयात कसौलीला ब्रुअरी काढली. नंतर मीकिन नावाच्या दुसऱ्या साहेबाने त्या विकत घेतल्या आणि आणखी काढल्या, त्यांतली एक आपल्या खडकीला. छावणी तिथे बिअर, हा साधा हिशेब. पुण्याच्या वेशीवर बिअर तयार होत होती आणि पेठांतून तिचे नाव काढायची चोरी होती. ब्रुअरी म्हणजे काय ते न विचारता पुणेकराने नापसंत केले असणार.

आणि मग आमचा खरा इतिहास सुरू होतो. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. संस्थान गेले त्याचे दुःख काही लोकांनी ज्या रीतीने विसरायचे ठरवले होते, ती रीतच सरकारने बंद केली. नेसरीहून चंदगडमार्गे घाट उतरले की पोर्तुगिजांचा गोवा. वर सगळे कोरडे, खाली सगळे ओले. १९६१ साली गोवा मुक्त झाला; पण घाट उतरणाऱ्या तहानेला आणि घाट चढणाऱ्या मालाला मुक्ती मिळाली नाही. आजही आमच्याकडच्या वर्तमानपत्रात पावसाच्या बातमीइतकीच नियमित बातमी असते : ‘गोवा बनावटीची दारू जप्त.’

कायद्याची कथा तर न्यायालयापर्यंत गेली. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसरा खटल्यात निकाल दिला, की कायदा ठीक आहे, पण औषधात आणि कोलनवॉटरमध्ये अल्कोहोल असले तर ते जवळ बाळगणे हा गुन्हा नव्हे. साठीच्या दशकात वसंतराव नाईकांच्या काळात गाठ सैल झाली, परमिट रूम आल्या. तो कायदा नाव बदलून आजही जिवंत आहे. बिअर एकविसाव्या वर्षी आणि व्हिस्की पंचविसाव्या वर्षी, असा आश्रमधर्म त्यात आखून दिला आहे. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. त्यावर आपण आरोग्याच्या जतनासाठी पीत असल्याचे नमूद असते. मंगळवारी संध्याकाळी परमिट रूममध्ये डोकावून बघा. आरोग्याची एवढी काळजी घेणारा समाज दुसरीकडे सापडणार नाही.

पण या सगळ्यात एक नुकसान झाले, त्याची नोंद कुठल्याच खात्यात नाही. आमची चव गेली.

मराठी माणसाला चव नाही असे कोण म्हणेल? आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वास दोन घरे सोडून ओळखणारी माणसे मी पाहिली आहेत. कोल्हापूरच्या गूळ सौद्यात ढेपेचा कण जिभेवर ठेवून ‘चिक्की बरी आहे, पण रसाला धूर लागलाय’ म्हणणारे जाणते पाहिले आहेत. तांबड्या रश्श्यावर तर खानावळी बदलतात आणि प्रसंगी मैत्र्या तुटतात. पूर्वी प्यायच्या बाबतीतही माडाची ती माडी, ताडाची ती ताडी आणि शिंदीची ती शिंदी, इतका विवेक होता. बंदी आली आणि हे सगळे एका शब्दात कोंबले गेले : दारू. बिअर, फेणी, हातभट्टी, ब्रँडी, झालेच तर तोफेत ठासायची तीसुद्धा दारूच! ज्या भाषेत प्यायची आणि उडवायची वस्तू एकाच नावाची, तिथे चवीची चर्चा कोण करणार? ‘कशी आहे?’ हा प्रश्नच मिटला. ‘मिळेल का?’ एवढाच उरला. आणि मिळाली की ‘लागते का?’

आमच्या तरुणपणी कोल्हापुरात गोल्डन ईगल मिळे, लंडन पिल्सनर मिळे, १९७८ नंतर किंगफिशर आली. आमच्या मित्रमंडळात एकाने बूट काढला, की दर पगाराला एक नवी बिअर आणून सर्वांनी मत द्यायचे. पहिल्या महिन्यात मते आली ती अशी : ‘गार आहे’, ‘गार नाही’ आणि ‘दुसरी आहे का?’ तिसऱ्या महिन्यात मात्र गंमत झाली. एक बँकवाला मित्र घोट तोंडात घोळवून म्हणाला, “ही मेथीच्या वळणाची आहे. मागची ज्वारीच्या कोवळ्या कणसासारखी होती.” सगळे हसले, पण मग प्रत्येक जण घोट घोळवू लागला. त्या संध्याकाळी बाटल्या निम्म्या उरल्या. चव कळू लागली की माणूस कमी पितो, हे मला तेव्हा दिसले. आज देशात खपणारी बहुतेक बिअर ‘स्ट्राँग’ म्हणून खपते. तिच्यावर मत विचारले तर उत्तर एकच येते आणि ते बहुधा उभ्याने येत नाही.

२००९ साली पुण्यात डुलाली नावाची महाराष्ट्रातली पहिली छोटी ब्रुअरी निघाली आणि पाठोपाठ आणखी निघाल्या. भाचा मला अशाच एका ठिकाणी घेऊन गेला होता. पळीपंचपात्र असावे तसे छोटे छोटे पेले मांडून ठेवले : गव्हाची, सफरचंदाची, काळी, तांबूस. गव्हाची तर लवंग आणि केळ्याच्या वासाची. ही कमाल निव्वळ यीस्टची, आत काही टाकलेले नसते. मला एकदम आत्याचे झाकण आठवले.

सुट्टीत नेसरीला गेल्यावर मी हे सगळे मोठ्या उत्साहाने तिला सांगितले. ती मोड आलेली नाचणी पसरत होती. सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “तुमी साहेब लोक चव बघाय पिता. हितं कोण चव बघतंय रं? पोराच्या फीचं पैसं घालून येतंय आणि दारात पडतंय.” आमच्या भागात एका गावात दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान झाले. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आत्याची जाऊ त्या गावची. गुडघे धरत गेली आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली. तिला पिल्सनर आणि पेल एलमधला फरक सांगायचे धाडस माझ्यात नाही. तिच्या लेखी बाटलीच्या जाती दोनच, आणि ज्याने ते घर पाहिले आहे त्याला हा वर्गीकरणाचा दोष म्हणता येणार नाही. फक्त एवढेच म्हणावेसे वाटते, की चव काढून घेतली की बाटलीत उरते ती नेमकी तिला आडवी करावीशी वाटणारी वस्तू.

जाता जाता बोंडाचे सांगतो. आजरा-चंदगडला काजू उदंड. बी विकली जाते, बोंडे झाडाखाली कुजतात. घाटाखाली गोव्यात त्याच बोंडांची उन्हाळ्यात हुर्राक होते, पुढे फेणी होते. तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या राज्य मंत्रिमंडळानेही २०२२ साली विचार केला आणि काजूबोंडांच्या व मोहफुलांच्या मद्याला देशीतून काढून दर्जा दिला. कसला? ‘विदेशी मद्य’!

चंदगडच्या बोंडाला घरबसल्या परदेशगमन घडले. उद्या गडहिंग्लजच्या कुणा उत्साही पोराने नाचणीची बिअर काढलीच, तर तिलाही पासपोर्ट मिळेल. तोवर मी आंबील पितो आहे. तिला परवाना लागत नाही, आणि आरोग्याच्या जतनासाठी ती खरोखरच चांगली.