साडीगार्ड

बोलायला सुरुवात करण्याआधी एक काम सांगते. अंगणात मोटारसायकल उभी असेल तर तिच्या मागच्या चाकाजवळ जाऊन बघा. डाव्या बाजूला लोखंडी जाळी बसवलेली दिसेल. तिला साडीगार्ड म्हणतात. पदर चाकात जाऊ नये म्हणून ती असते. कंपनी ती मेहरबानी म्हणून देत नाही. केंद्र सरकारचे १९८९ चे मोटार वाहन नियम आहेत, त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय टेकायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकलेला हवा, म्हणजे कपडे अडकणार नाहीत.

नियम चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या जाळीमुळे सुखरूप माहेरी जाऊन आल्या. पण ती बघितली की मला वाटतं, गाडी बनवणाऱ्याला आणि नियम लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक होतं की साडीवाली बाई मागेच बसणार. पुढे बसणाऱ्या साडीचा विचार कुणी केलाच नाही. आज मी बोलणार आहे ते मागून पुढे आलेल्या बायकांबद्दल, आणि त्यातही ज्या चाळिशी उलटल्यावर पुढे आल्या त्यांच्याबद्दल.

हा विषय मला आमच्या एका गटातल्या काकूंमुळे सुचला. वय सत्तेचाळीस. गटाच्या कोषाध्यक्ष. त्यांचे मालक कोरोनात गेले. मागे दीड एकर मोसंबी, म्हातारी सासू आणि छपरात ताडपत्रीखाली उभी असलेली शंभर सीसीची मोटारसायकल. गाव बदनापूरपासून अकरा किलोमीटर. सकाळची एसटी चुकली की काळीपिवळी, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. गटाचा हप्ता भरायचा तर काकूंचा अख्खा दिवस जायचा आणि त्या दिवसाची मजुरीही. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, त्यावर दुचाकीला बंदी आहे. पण आपल्याला कुठे मुंबई गाठायची आहे? आपल्याला बदनापूर गाठायचं आहे.

मी सहयोगिनी म्हणून त्यांना शहाणपणाचा सल्ला दिला: काकू, ही गाडी विका आणि गटातून कर्ज काढून स्कुटी घ्या, बिनगिअरची. या वयात गिअरची गाडी झेपणार नाही. मी स्वतः स्कुटीवर फिरते, गिअर मलाही येत नव्हता, म्हणून कुणालाच येणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं. काकू म्हणाल्या, "विकून किती येणार, अन् नव्या गाडीचं कर्ज फेडणार कोण? हाय ती गाडी मी शिकते."

मी घरी आले आणि बीएला वाचलेला इतिहास आठवू लागले. वय झाल्यावर चाक हातात घेतलेल्या कुणी बायका होत्या का?

होत्या. अमेरिकेत फ्रान्सिस विलार्ड नावाच्या बाई होऊन गेल्या. दारूबंदीसाठी झटणाऱ्या तिथल्या मोठ्या महिला संघटनेच्या अध्यक्ष. आई वारली, स्वतःची तब्येत ढासळली, आणि अशा दिवसांत त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी सायकल शिकायचं ठरवलं. तेव्हा डॉक्टर मंडळीसुद्धा सांगायची की सायकलने बायकांचा चेहरा बिघडतो! विलार्डबाईंनी १८९५ साली आपल्या शिकण्यावर छोटं पुस्तक लिहिलं. रोज सरासरी पंधरा मिनिटं सराव, आणि असे तीन महिने. आधी पायडल मारायला शिकल्या, मग वळायला, मग उतरायला, आणि सगळ्यात शेवटी एकटीने चढायला. हा क्रम मला फार आवडला. आपण उलट करतो, पहिल्याच दिवशी टेचात चढतो आणि थांबवायचं कसं हे नाल्यात गेल्यावर कळतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर त्याहून जवळचं आहे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई, इरावती कर्वे. 'युगान्त' या पुस्तकासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे अनेकींना माहीत असेल. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचंच नाव घेतलं जातं. आता हिशेब करा. त्यांचा जन्म डिसेंबर १९०५ चा. आणि स्कूटर हे वाहन आपल्या देशात रस्त्यावर दिसू लागलं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या आगेमागे. म्हणजे हँडल हातात आलं तेव्हा इरावतीबाईंची चाळिशी उलटून गेली होती. तीन लेकरांची आई, डेक्कन कॉलेजातल्या प्राध्यापक. त्या काळात पुण्यातही बाईने सायकल चालवली तर लोक वळून बघायचे. आपला मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून नुकता मोकळा झाला होता. आपल्या आज्या तेव्हा बाजाराला पायी जात होत्या, फार तर बैलगाडीत मागे बसून.

पण खरं सांगायचं तर इरावतीबाईंचं उदाहरण देऊन काकूंना उठवायला मी धजले नाही. त्या जर्मनीत शिकून आलेल्या, नवरा प्राचार्य, सासरा महर्षी. नवऱ्याची त्यांना साथ होती. आपल्याकडे सगळा गाव आडवा येतो.

मधल्या काळात वाहनं बदलली आणि त्याने पुष्कळ फरक पडला. पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना काढली. पन्नास सीसीची, हलकी, पायडल असलेली. बंद पडली तर सायकलसारखी मारत न्यायची. पुढे १९८४ साली याच कंपनीने जपानच्या होंडाबरोबर किनेटिक होंडा आणली, बटण दाबलं की सुरू, आणि गिअर नाही. किक मारायची कटकट गेली, साडी सावरत पाय उचलायची गरज गेली. शिक्षिका, नर्सबाई, पोस्टातल्या बाई अशा पगारदार बायका पुढच्या सीटवर आल्या. शेतातल्या बाईकडे मात्र ते वाहन नव्हतं, कारण शेतकऱ्याच्या घरात आलीच तर मोटारसायकल आली. खतं, दूध, चारा, तीन माणसं, सगळं तीच ओढते. आणि ती गिअरची असते.

मराठवाड्यातलंही एक नाव सांगते. परभणीच्या शीला डावरे. १९८८ साली, अठराव्या वर्षी, बारा रुपये घेऊन घरातून निघाल्या आणि पुण्यात रिक्षा चालवायला लागल्या. देशातली पहिली महिला रिक्षाचालक म्हणून लिम्का बुकात त्यांची नोंद झाली. त्या चाळिशीच्या नव्हत्या, तरी इथे सांगते, कारण त्यांच्या गोष्टीतलं पुढचं पाऊल महत्त्वाचं आहे. बाईला भाड्याने रिक्षा द्यायला लोक कचरायचे. त्यांनी पैसे साठवून स्वतःची रिक्षा घेतली. या मालकीच्या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

काकूंना मी गोष्ट सांगितली ती पुदुक्कोट्टईची. तमिळनाडूतला हा जिल्हा आपल्यासारखाच, कमी पावसाचा आणि गरीब. तिथे १९९१ च्या सुमाराला साक्षरतेची मोठी मोहीम चालू होती, नाव अरिवोळी. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. शिकवायला जाणाऱ्या बायकांना गावोगाव फिरायचं तर वाहन हवं, म्हणून त्यांनी साक्षरतेलाच सायकल जोडली. अक्षरं शिका आणि सायकलही शिका. रविवारी मैदानात शिबिरं भरायची. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीताई, सगळ्या आल्या. बँकांना बायकांसाठी सायकलकर्ज द्यायला लावलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन हे सगळं लिहून ठेवलं आहे. एक लाखावर बायका सायकल शिकल्या. १९९२ च्या महिला दिनाला पंधराशेहून जास्त बायका हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत शहरात शिरल्या. लोक टोमणे मारत होतेच. पण एकटीला टोमणा मारणं सोपं असतं, पंधराशे जणींना काय मारणार?

त्यातली एक बारकाई ऐका. लेडीज सायकली दुकानांत पुरेनात, तेव्हा बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. आणि काही जणींना त्याच जास्त पसंत पडल्या, कारण मधल्या दांडीवर लेकरू बसवता येतं! नंतर युनिसेफने मोहिमेतल्या कार्यकर्त्या बायकांसाठी पन्नास मोपेडही मंजूर केल्या.

जेंट्स सायकलची गोष्ट ऐकून काकू हसल्या आणि म्हणाल्या, "मंग माझी बी जेंट्स गाडीच हाय की."

शिकवणारा होता त्यांचा भाचा. जागा बाजारतळ, बाजार नसेल त्या दिवशी पहाटे. मीही जायला लागले, आधी बघायला, मग शिकायला. पहिली अडचण साडीची. पाचवारी साडीत पाय टाकून बसता येईना, बसलं तर गिअरपर्यंत पाय नीट जाईना. यावर उपाय काढला तो सासूबाईंनी. म्हातारी आयुष्यभर नऊवारी नेसलेली. ती म्हणाली, "लुगडं नेस. कासोट्याला काय अडतंय?" तिनेच सुनेला आपलं लुगडं नेसवून दिलं. आता काकू पंजाबी ड्रेस घालतात, पण पहिले पंधरा दिवस शिकल्या त्या सासूच्या लुगड्यात.

दुसरी अडचण वजनाची. शंभर किलोच्या वर गाडी, थांबली की एका बाजूला झुकते. मी विलार्डबाईंचा क्रम लावला: आधी बंद गाडी हाताने ढकलत मैदानाला फेरी, मग स्टँडवर लावणं-काढणं, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडणं आणि ब्रेक. दोनदा गाडी पडली. एकदा पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला, त्याचा डाग अजून आहे. टपरीवरची पोरं म्हणायची, काकू आता सर्कशीत जाणार. आठव्या दिवशी त्यांनी मैदानाच्या चार फेऱ्या मारल्या आणि थांबवताना गाडी पडू दिली नाही. मला तेवढं यायला बारा दिवस लागले.

मग आली कागदांची बाजू. मैत्रिणींनो, इथे जरा नीट ऐका. वय चाळीसच्या वर असेल तर शिकाऊ लायसन्ससाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याला फॉर्म १-ए म्हणतात. त्या तपासणीत कळलं की काकूंना लांबचं धूसर दिसतं. चष्मा लागला. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि महिना झाला की पक्क्यासाठी परीक्षा देता येते. बिनगिअरचं लायसन्स असेल तर मोटारसायकल चालवता येत नाही, पण गिअरच्या लायसन्सवर स्कुटीही चालते. म्हणून काकूंनी घेतलं ते माझ्या लायसन्सपेक्षा मोठं आहे. माझं अजून बिनगिअरचंच आहे. हेल्मेट दोघींचं सक्तीचं, पुढचीचं आणि मागचीचंही.

लायसन्स आलं तरी गाडी काकूंची नव्हती. आरसी बुकावर नाव मालकांचंच. गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं, असा नियम आहे. काकूंना हे कुणी सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, आणि मी गटांना कर्जाचे कागद समजावून सांगत फिरते! विमाही कधीच संपलेला. तोवर धाकटे दीर दोनदा गाडी मागून गेले होते. "वहिनी, तुम्हाला काय उपयोग, उभ्या उभ्या गंजून जाईल." वाईट मनाने म्हणत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. घरात गाडी मागायला कागद लागत नाही, पुरुष असणं पुरतं.

एका संध्याकाळी दीर घरी आले तेव्हा काकू बदनापूरहून परत येत होत्या. मागे खताचं पोतं बांधलेलं. अंगणात येऊन त्यांनी गाडी न्यूट्रल केली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. दीर काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर काकूंनी वारसांच्या संमतीचा कागद पुढे ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "कर सही." त्यांनी केली. मृत्यूचा दाखला, शपथपत्र, नवा विमा आणि उशिराचा दंड जमा करत जालन्याला तीन चकरा झाल्या. त्यातल्या दोन आम्ही एकाच गाडीवर केल्या. चालवत काकू होत्या. वीसेक किलोमीटर मी मागे बसले होते, आणि मालमोटार बाजूने गेली की त्यांची कंबर घट्ट धरत होते.

नव्या नावाचं आरसी आलं त्या आठवड्यात भाच्याने गाडी धुऊन ऑइल बदललं. पान्हा हातात होताच, म्हणाला, "मावशी, ही जाळी काढून टाकू का? आता तुला कशाला लागते?"

काकू म्हणाल्या, "राहू दे. सोमठाण्याला देवीला जायचंय. आत्याबाई मागं बसतात."