गावच्या शिळेवर जवानाचे नाव

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाला आणि ४० जवानांना वीरमरण आले. त्यांत बुलडाणा जिल्ह्यातील दोघे होते : मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातील चोरपांग्रा येथील नितीन राठोड. त्या दुःखातून जिल्हा सावरत होता, तोच महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी, गडचिरोलीतील जांभूळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग स्फोटात पोलिसांचे वाहन उडवले. १५ पोलीस आणि वाहनचालक मृत्युमुखी पडले. मेहकरचे राजू गायकवाड आणि देऊळगाव राजा तालुक्यातील सर्जेराव खार्डे हे त्यांच्यापैकी दोघे. अवघ्या ७६ दिवसांत एका जिल्ह्याने चार जवान गमावले.

या दोन घटनांच्या दरम्यान, २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, नवी दिल्लीत इंडिया गेटनजीक राष्ट्रीय युद्धस्मारकाचे लोकार्पण झाले. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५,९४२ सैनिकांची नावे तेथील ‘त्याग चक्रा’तील ग्रॅनाइटवर कोरण्यात आली. बुलडाण्याच्या या चौघांची नावे मात्र तेथे येऊ शकत नाहीत, कारण ते स्मारक भूदल, नौदल आणि हवाई दलापुरते आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तर गडचिरोलीचे जवान राज्य पोलिसांचे. त्यांच्यासाठी चाणक्यपुरीत स्वतंत्र राष्ट्रीय पोलीस स्मारक असून ते २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुले झाले तेव्हा त्याच्या शौर्यभिंतीवर ३४,८४४ नावे होती. ‘शहीद’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द. पण सरकारी परिभाषेत तो ना सैनिकासाठी आहे, ना पोलिसासाठी, असे केंद्राने संसदेत सांगितलेले आहे. दिल्लीत दोन दलांची दोन स्मारके असणे प्रशासनाच्या दृष्टीने योग्यही असेल. गावाच्या दृष्टीने मात्र चौघेही वर्दीत गेले आणि तिरंग्यात परतले.

लढाईत पडलेल्याची आठवण दगडावर ठेवण्याची चाल महाराष्ट्राला नवी नाही. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या थरात झुंज, वर अप्सरांसह स्वर्गारोहण आणि माथ्यावर शिवपूजा, अशी त्यांची मांडणी. बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. गावाला शेंदूर लावायचे ठाऊक असते, वीर कोण हे ठाऊक नसते. सामान्य शिपायाचे नाव कोरण्याचे राज्यातील ठळक जुने उदाहरण म्हणजे कोरेगाव भीमाचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या ४९ जणांची नावे त्यावर आहेत आणि त्यांतील २२ महार सैनिकांची ओळख नावापुढील ‘नाक’ या प्रत्ययावरून पटते. नाव कोरले नसते, तर ती ओळखही उरली नसती.

पहिल्या महायुद्धाने याच्या उलट दाखला दिला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. इंग्रज सरकारने त्या काळी गावोगावी ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवर किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढा हिशेब असे. मेसोपोटेमियात मराठा पलटणी मोठ्या संख्येने लढल्या. तेथील बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली. हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आला, नाव कोरले गेले ते अधिकाऱ्यांचे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून या भेदभावाबद्दल क्षमा मागितली. शंभर वर्षांनी. तोवर त्या शिपायांना नावाने ओळखणारी माणसे गावात उरली नव्हती.

म्हणूनच गावपातळीवरील फलकाचे मोल वेगळे आहे. ९ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारावेत, असे ठरले. स्वातंत्र्यसैनिक, सैन्यदलांचे जवान, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि राज्य पोलीस अशा सर्वांची नावे त्या एकाच फलकावर घेण्याची मुभा होती. दिल्लीने दोन ठिकाणी वाटलेली नावे गावात शेजारी शेजारी येऊ शकतात, ती येथे.

परंतु फलक एकदा बसवला की काम संपत नाही. मोहीम सुरू होऊन अडीच महिने होत नाहीत, तोच ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलडाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू आला. सियाचीनमध्ये प्राण गमावलेले ते पहिले अग्निवीर. अशी नावे नंतर कोरायची, तर शिळेवर मोकळी जागा आधीच राखावी लागते. गुळगुळीत, काठोकाठ भरलेला फलक उद्घाटनाच्या छायाचित्रात शोभतो, पुढच्या नावाला मात्र तो नकार देतो.

नाव कसे लिहावे, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. सैन्याच्या कागदोपत्री आडनाव आधी येते : गवते अक्षय लक्ष्मण. गाव मात्र मुलाला अक्षय म्हणूनच ओळखते. तेव्हा नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव गावच्या क्रमाने लिहून खाली हुद्दा, दल, ठिकाण आणि तारीख द्यावी. कोरण्यापूर्वी मजकूर कुटुंबाला दाखवावा, कारण ग्रॅनाइटवरची वेलांटी नंतर दुरुस्त होत नाही.