काजूगराचे मोल

काजू हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका असेल अशी शंकाही येत नाही. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांचा ‘अकाजू’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘काजू’ झाला आणि झाडाबरोबर शब्दही गलबतातून आपल्याकडे उतरला. मल्याळममध्ये या झाडाला ‘परंगी मावु’, म्हणजे फिरंग्यांचा आंबा, असे म्हणतात. त्या नावातच आगमनाची हकीकत आली.

ते आगमन केव्हाचे? गार्सिया द ऑर्टा याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात काजूचा पत्ता नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ साली, क्रिस्तोव्हाँव द कॉस्टा याने मात्र कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन केले. जमिनीची धूप थांबविण्यासाठी पोर्तुगीजांनी हे झाड मुद्दाम आणले, ही नेहमी सांगितली जाणारी कथा मला पटत नाही. ब्राझीलमध्ये लोक बोंडूचा रस व मद्य पीत, बीही भाजून खात. खाण्याजोगे झाड दर्यावर्दी बरोबर नेतात, त्याला आणखी कारण कशाला हवे?

काजू चरक-सुश्रुतांत नाही. पण त्याचा भाऊबंद तेथे आहे. तो म्हणजे भल्लातक, आपला बिब्बा. युरोपातील औषधविक्रेते ‘अनाकार्डियम’ हे नाव बिब्ब्यालाच देत. लिनियसने १७५३ साली ते काजूला दिले आणि पुढे ‘पश्चिमेचा’ असे विशेषण जोडले. नाव उसने असले तरी नाते खरे आहे. दोघांच्याही टरफलात कातडी जाळणारे तेल असते आणि आत गोड गर. बिब्बा फोडून गोडंबी काढावी आणि बाळंतिणीच्या लाडवांत घालावी, ही विद्या आपल्याकडे जुनीच होती. काजूगराचे पोषणमूल्य ओळखायला आपल्याला परक्या शास्त्राची वाट पाहावी लागली नसणार. अडचण होती ती टरफलाची.

घरापुरती ती सुटत असे. ओल्या काजूची उसळ करायची तर बिया चिरणारीने हाताला राख किंवा खोबरेल चोळायचे, तरीही चार दिवस बोटांची साले निघायची. माझ्या आजीची बोटे मे महिन्यात अशीच असत. व्यापारापुरती अडचण सुटली ती १९२० च्या दशकात, कोल्लम आणि मंगळूर येथे. बिया भाजायच्या, लाकडी दांडक्याने एकेक फोडायची, साल सोलायची आणि गराची प्रतवारी करायची. पौंडात किती गर बसतात यावरून प्रत ठरे. गराला कीड लागू नये म्हणून डब्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरण्याची युक्ती निघाली आणि काजू अमेरिकेपर्यंत टिकू लागला. मागणी इतकी वाढली की कच्च्या बिया पूर्व आफ्रिकेतून आणाव्या लागल्या. कारण झाडे तिकडेही होती, पण बी फोडणारे इतके सरावलेले स्वस्त हात इकडे होते. ते हात बहुतांशी बायकांचे. अखंड गर परदेशी जाई. पाकळी, तुकडा आणि कणी मागे उरे.

शंभर ग्रॅम गरात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने, ४४ ग्रॅम स्निग्धांश, साडेपाचशेच्या आसपास उष्मांक, शिवाय मॅग्नेशियम, तांबे, जस्त भरपूर. तरीही २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांच्या वेष्टनावर हृदयहिताचा सावध दावा छापू दिला, तेव्हा काजूला वगळले. त्यातील संपृक्त मेद मर्यादेबाहेर ठरला. पुढे चेन्नईत ३०० मधुमेही रुग्णांवर प्रयोग झाला. त्यांतील एका गटाला बारा आठवडे रोज ३० ग्रॅम काजू दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात हितकर कोलेस्टेरॉल थोडे वाढले, वरचा रक्तदाब थोडा उतरला आणि वजन वाढले नाही. म्हणजे मूठभर काजूला भ्यायचे कारण नाही. पण मूठभरच, आणि तळून मीठ लावलेले नव्हेत.

या हिशेबात बोंडू कोठेच नाही, हे मला अधिक खटकते. क जीवनसत्त्व त्यात संत्र्याच्या कितीतरी पट असते. गोव्यात त्याचा निरो, हुर्राक आणि फेणी होते. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण क जीवनसत्त्व वाफेबरोबर वर चढत नाही, ते भट्टीतच राहते. घाटावर, चंदगड-खानापूरच्या बाजूला, एवढाही उपयोग फारसा होत नाही. बोंडू दोन दिवसांत नासतो आणि घशाला खवखवतो. मीठ लावून तो पोरे आणि गुराखीच काय ते खातात. एप्रिलमध्ये त्या डोंगरांतून जाताना त्याचा आंबूस वास दुरूनच येतो. जवळ जावे तर पिळून काढलेल्या बिया पोत्यात आणि झाडाच्या बुडाशी पिवळ्या-तांबड्या बोंडांचा खच.