चेंडू आणि शाळेची फी

मुलगा मैदानावर दिसला की तो अभ्यासातून गेला, ही आपल्या ज्ञातीतील पालकांची जुनी समजूत होय. प्रस्तुत लेखकाने शिक्षकी पेशात असताना तीच बाळगली. एका हमालाच्या मुलाचा चेंडू मी वर्गात काढून घेऊन कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत आला नाही. फी थकल्यामुळे तो आधीच कचरत होता, केवळ खेळाच्या तासाच्या ओढीने येत असे, हे त्याच्या आईकडून मागाहून समजले. चेंडू मात्र निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामे करताना पुन्हा हाती लागला.

म्हणूनच आफ्रिकेतील केनिया देशाची एक हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. राजधानी नैरोबी येथे मथारे नावाची अफाट झोपडपट्टी आहे. तेथील मुले प्लॅस्टिकच्या पिशव्या सुतळीने घट्ट गुंडाळून चेंडू करीत व गल्लीबोळांत खेळत. गटारे तुंबलेली, कचरा उचलावयास कोणी नाही, त्यामुळे रोगराई नित्याचीच. 1987 साली बॉब मन्रो या कॅनेडियन गृहस्थाने येथे मुलांचे फुटबॉल सामने सुरू केले. चेंडू आणि पंच मिळतील, पण त्या बदल्यात मुलांनीही काही केले पाहिजे, अशी त्यांची अट होती. संघाने आपल्या वस्तीतील कचरा उपसला व गटार मोकळे केले, तर त्याचे गुण सामन्यांच्या गुणतक्त्यात मिळत. गोल करण्यात दुबळा असलेला संघही फावड्याच्या बळावर वर चढू शके! ही युक्ती आम्हां शिक्षकांना कधी सुचली नाही, हे कबूल केले पाहिजे.

1992 पासून मुलींचे संघही उतरले. घरकाम आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ यांतून मुलीला मैदानावर पाठविणे आईबापांना किती जड गेले असेल, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती तेथील विद्यावेतनाची रीत. जो लहानांना खेळ शिकवितो, पंचाचे काम करतो, सफाईत पुढे असतो, त्याच्या नावे गुण साठतात. आणि पुरस्काराची रक्कम त्याच्या हाती न देता फीच्या रूपाने थेट शाळेत भरली जाते. तेणेकरून शाळाही सुटत नाही आणि पैसा अन्यत्र खर्चही होत नाही. याच मुलांतून 1994 साली उभा राहिलेला मथारे युनायटेड हा संघ 2008 मध्ये केनियाचा राष्ट्रीय विजेता ठरला. पण ते ओघाने आले.

आपल्याकडे नागपुरास हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांनी 2001 साली पावसात फुटकी बादली लाथाडीत खेळणारी वस्तीतील मुले पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. 2022 मधील ‘झुंड’ चित्रपटामुळे ती कथा घरोघर पोचली आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

आपल्या मंडळाचे विद्यार्थी-साहाय्य आजवर परीक्षेतील टक्के पाहूनच दिले जाते. धाकट्यांना शिकविणाऱ्या, खेळविणाऱ्या मुलामुलींची फी परस्पर शाळेत भरावी, असा विषय मी गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत मांडला होता. वेळेअभावी तो पुढील सभेवर गेला आहे. त्या दिवशी सभासदांनी आपल्या मुलांनाही बरोबर आणावे, अशी विनंती आहे.