गोसीखुर्द परिसरातील रस्ता सुरक्षा

गोसीखुर्द हे महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील, पवनी तालुक्यातील वैनगंगेच्या काठचे गाव आहे. गावाजवळील इंदिरासागर अर्थात गोसीखुर्द धरण, त्याचे कालवे, सभोवतालची धानशेती आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांमुळे या परिसरातील रस्त्यांवरचे धोके ऋतूनुसार बदलतात. त्यामुळे एकाच रस्त्यावर एकाच वाहनचालकाला वर्षातून किमान तीनदा आपली वाहन चालविण्याची रीत बदलावी लागते.

पार्श्वभूमी

गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. २०१२ साली घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत पसरले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला. मृतांपैकी सुमारे ५० हजार दुचाकीस्वार व सहप्रवासी हेल्मेटविना होते.

पावसाळा

वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात होतो. तेथे अतिवृष्टी झाल्यास पवनी तालुक्यात पाऊस नसतानाही नदीला पूर येऊ शकतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्यामुळे व अतिवृष्टीमुळे भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मोठा पूर आला होता. स्थानिक आकाश निरभ्र असणे ही रस्ता सुरक्षित असल्याची खूण ठरत नाही. धरणाच्या विसर्गाबाबत प्रशासनाने दिलेली सूचना पाहूनच नदी-नाल्यांवरून जाणाऱ्या मार्गाने प्रवास करणे योग्य ठरते.

कमी उंचीचे पूल व रपटे पाण्याखाली गेल्यास त्यांवरून वाहन नेऊ नये. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी लहान मोटार तरंगवू शकते, तर ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. गढूळ पाण्याखाली रस्ता खचला आहे की नाही, हे वरून कळत नाही. कालव्यालगतचे रस्ते अरुंद असून त्यांच्या कडा ओल्या मातीमुळे ढासळू शकतात. दरवाजे उघडल्यावर विसर्ग पाहण्यास येणाऱ्यांनी वाहने रस्त्यावर न थांबविता नेमून दिलेल्या जागी उभी करावीत.

हिवाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धानाची कापणी व मळणी सुरू होते. या काळात धान व तणस वाहून नेणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या संध्याकाळनंतरही रस्त्यावर असतात. त्यांच्या मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसल्यास ती वाहने अगदी जवळ आल्यावरच दिसतात. शेतकऱ्यांनी ट्रॉलीला व बैलगाडीला लाल परावर्तक पट्ट्या लावणे हा या धोक्यावरील स्वस्त उपाय आहे.

डिसेंबर-जानेवारीत नदी व जलाशयाकाठी पहाटे धुके पडते. धुक्यात वेग कमी ठेवावा आणि दिव्यांचा झोत खाली ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. थांबायचे झाल्यास वाहन डांबरी भागाबाहेर पूर्णपणे उतरवावे.

उन्हाळा

विदर्भात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. हवा कमी असलेले किंवा झिजलेले टायर अशा वेळी फुटण्याची शक्यता वाढते. टायरमधील हवा प्रवासापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास तो बदलणे आवश्यक आहे. बंद मोटारीत मुलांना थोड्या वेळासाठीही एकटे ठेवणे जिवावर बेतू शकते.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी लोक पहाटेच रस्त्यालगतच्या झाडांखाली येतात, तसेच फुले खाण्यासाठी वन्यप्राणीही येतात. झाडाखालचा पालापाचोळा पेटविल्याने धूर रस्त्यावर पसरल्यास वेग तत्काळ कमी करावा.

वन्यप्राणी व रात्रीचा प्रवास

जंगलालगतच्या रस्त्यांवर चितळ, रानडुक्कर, रोही आणि कधी वाघही रस्ता ओलांडतो. चितळासारखे कळपाने राहणारे प्राणी एकामागून एक येतात. त्यामुळे एक प्राणी गेला तरी काही क्षण थांबणे इष्ट असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन, चालकाला धोका दिसून त्याने ब्रेक दाबेपर्यंतच्या दीड सेकंदात २५ मीटर पुढे जाते. त्यानंतर वाहन थांबण्यास लागणारे अंतर निराळे असते आणि ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

बारमाही नियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीचालक व सहप्रवासी या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे कलम १८५ अन्वये गुन्हा आहे. सीटबेल्ट लावणे, वाहन चालविताना मोबाइल न वापरणे आणि झोप येत असल्यास थांबून विश्रांती घेणे हे सर्व ऋतूंना समान लागू पडते.

अपघातानंतर

अपघातानंतरचा पहिला तास जीव वाचविण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात आलेल्या कलम १३४अ नुसार जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीस कायद्याचे संरक्षण आहे. तिला स्वतःचे नाव किंवा पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या रस्त्यांवर जखमीपर्यंत सर्वप्रथम पोहोचणारा बहुधा वाटसरू किंवा शेतकरीच असतो. म्हणून या तरतुदीची माहिती गावोगावी असणे गरजेचे आहे.