रूट-अधिकाराचा प्रश्न : अँड्रॉइड फोनच्या आरंभकाळातील स्वामित्वविचार (२००८–२०११)

१

मोल देऊन वस्तू घेतली म्हणजे घेणारा तिचा धनी झाला, हा लोकव्यवहारातील जुना व सर्वमान्य समज आहे. स्मार्टफोनाच्या आगमनाने ह्या समजास मोठा धक्का दिला. फोन खिशात होता, त्याची पावती घरात होती. परंतु त्या यंत्राच्या अंतर्भागात काय ठेवावे, काय काढावे व काय बदलावे, हे ठरविण्याचा अधिकार विकत घेणाऱ्याकडे नव्हता. तो अधिकार मिळविण्याच्या खटपटीस इंग्रजी बोलीतून आलेले ‘रूट करणे’ हे नाव रूढ झाले.

ह्या खटपटीकडे हौशी तरुणांची करामत किंवा निव्वळ खोडसाळपणा म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. ती अपुरी आहे. अँड्रॉइड कार्यप्रणालीच्या पहिल्या तीन वर्षांतील घटनांचा क्रम लावून पाहिला असता असे दिसते की, वादाचे मूळ तंत्रात नसून जुनी अधिकारव्यवस्था नव्या वस्तूस लागू करताना झालेल्या एका बदलात होते. तो बदल कोणता, त्याची प्रतिक्रिया कशी झाली आणि त्या प्रतिक्रियेतून टिकाऊ असे काय निष्पन्न झाले, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२

‘रूट’ म्हणजे मूळ. ही संज्ञा युनिक्स ह्या कार्यप्रणालीतून आली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ पासून ती रचली. त्या काळी एका संगणकावर अनेक माणसे काम करीत. म्हणून प्रत्येकास एक क्रमांक दिला जाई व त्या क्रमांकावरून कोणती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी हे ठरे. शून्य हा क्रमांक रूटचा. त्यास कोणताही मज्जाव नसे. सामान्य वापरकर्त्यास आपला परवलीचा शब्द बदलण्यासारख्या कामापुरता तरी वरिष्ठ अधिकार लागे. त्यासाठी ठरावीक प्रोग्रामास चालू असेपर्यंत त्याच्या धन्याचा अधिकार देण्याची युक्ती रिची ह्यांनी शोधली. तिचे अमेरिकन पेटंट १९७९ मध्ये मंजूर झाले.

ह्या व्यवस्थेत दोन गोष्टी गृहीत होत्या. एक, क्रमांक माणसांना दिलेले असत. दुसरी, रूटचे पद सांभाळणारा कोणीतरी मनुष्य त्याच संस्थेत असे व त्यास जाऊन विचारता येई. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्सने हीच रीत उचलली. घरगुती संगणकावर लिनक्स बसविणारा मनुष्य स्वतःच रूट असे. त्यामुळे वाद उद्भवण्याचे कारण नव्हते.

अँड्रॉइडची मूळ कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली, २००५ मध्ये गूगलने ती घेतली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये हा प्रकल्प जाहीर झाला. त्याचा पाया लिनक्सचाच होता. मात्र रचनाकारांनी एक महत्त्वाचा फेरफार केला : क्रमांक माणसांना न देता प्रोग्रामांना दिले. प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक मिळाला व एका ॲपने दुसऱ्याच्या दप्तरात डोकावू नये अशी तजवीज झाली. ह्यामागील विचार योग्य होता. एका माणसाच्या फोनात दुसऱ्या माणसाचा उपद्रव क्वचितच. खरा धोका बाहेरून आणलेल्या प्रोग्रामाचा. परंतु ह्या वाटणीत फोनचा धनी कोठेच बसला नाही. शून्य क्रमांक यंत्रणेकडे राहिला, पुढचे क्रमांक ॲपांकडे गेले आणि मालकाच्या नावे एकही क्रमांक उरला नाही. मराठेशाहीच्या महसुली परिभाषेत सांगावयाचे तर, खरेदीदार स्वतःस मिरासदार समजत होता. यंत्राच्या दप्तरात मात्र त्याची नोंद उपऱ्याचीही नव्हती.

३

अँड्रॉइडवर चालणारा पहिला विक्रीचा फोन ‘जी-१’ २२ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत बाजारात आला. तैवानच्या एचटीसी कंपनीने तो बनविला व टी-मोबाइल कंपनीने दोन वर्षांच्या करारासह १७९ डॉलरांस विकला. त्याच सुमारास अँड्रॉइडचा मूळ प्रोग्राम-मजकूर सर्वांसाठी खुला करण्यात आला. येथेच एक विसंगती उत्पन्न झाली. कार्यप्रणालीचा मजकूर कोणीही वाचावा, बदलावा. पण बदललेली प्रणाली स्वतःच्या फोनात मात्र घालता येऊ नये, कारण फोन अधिकृत सही असलेलीच आवृत्ती स्वीकारी.

दोन-तीन आठवड्यांतच ह्या तटबंदीस भगदाड सापडले, आणि तेही विलक्षण रीतीने. फोन सुरू होताना रूटच्या अधिकाराने आज्ञा स्वीकारणारा एक प्रोग्राम पडद्याआड चालू राही आणि कळफलकावर उमटविलेले प्रत्येक अक्षर त्याच्याही कानी पडे. मित्रास लिहिलेल्या संदेशात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द एका ओळीवर एकटा आला, तर फोन ती आज्ञा समजून बंद होऊन पुन्हा सुरू होई. चाचणीच्या काळातील सोय विक्रीच्या फोनात तशीच राहून गेली होती. हौशी मंडळींनी तिचा उपयोग करून दूरस्थ जोडणीचा एक प्रोग्राम त्या मार्गाने चालू केला व रूटचे पद हस्तगत केले.

नोव्हेंबर २००८ मध्येच आरसी-३० ही दुरुस्त आवृत्ती फोनांवर आपोआप पाठविण्यात आली व दोष नाहीसा झाला. परंतु इतिहासदृष्ट्या अधिक बोधप्रद भाग ह्यानंतरचा आहे. आधीची आरसी-२९ ही आवृत्ती अधिकृत सहीची होती. म्हणून मेमरी कार्डावरून ती फोनात घातली असता फोन तिचा स्वीकार करी. लोक नव्या आवृत्तीवरून जुनीवर उतरले, जुन्या दोषातून आत शिरले आणि आत गेल्यावर सही तपासणाऱ्या भागातील किल्लीच बदलून टाकली. नवी किल्ली म्हणून वापरली ती अँड्रॉइडच्या खुल्या मजकुरासोबत चाचणीसाठी दिलेली, सर्वांस ठाऊक असलेली किल्ली होय. सही खरी की खोटी एवढेच दरवाजा पाहत होता. सही केलेला कागद जुना व रद्द झालेला आहे काय, हे विचारण्याची तरतूद नव्हती. दप्तरखान्यात वावरणाऱ्या अभ्यासकास हा दोष अपरिचित वाटू नये.

४

अधिकार मिळवून लोक करीत काय, हा प्रश्न विचारणे आवश्यक आहे. जी-१ मध्ये ॲप ठेवण्यास जागा फार थोडी होती. रूट असलेल्यांनी ती मेमरी कार्डावर हलविण्याची सोय केली. फोनचे इंटरनेट संगणकास पुरविण्याची सोयही प्रथम त्यांनीच केली. ह्या दोन्ही गोष्टी मे २०१० मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड २.२ मध्ये अधिकृतपणे आल्या. ज्या कंपन्या जुन्या फोनास नवी आवृत्ती देत नसत, त्यांच्या ग्राहकांनी ती स्वतः बसविली. म्हणजे ज्यास उल्लंघन म्हटले गेले, त्यातील बराच भाग पुढे सोय म्हणून मान्य झाला.

ह्या संदर्भात मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. अँड्रॉइडच्या २.१, २.२, २.३ ह्या मूळ आवृत्त्यांत देवनागरी टंक नव्हता. काही उत्पादकांनी आपल्या फोनांत तशी सोय केली. इतरत्र मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. टंक ज्या विभागात ठेवावयाचा तो लेखनास बंद. तेव्हा आईने पाठविलेले पत्र आपल्याच फोनात वाचण्यासाठीही रूटचा अधिकार लागे. तो मिळवून टंक बसविला, तरी अर्धेच काम होई. अक्षरे दिसत, परंतु जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी न येता नंतर येऊन पुढच्या अक्षरास चिकटे. कारण लिपीची जोडणी करणारा प्रोग्रामच त्या आवृत्त्यांत नव्हता. ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या ४.० आवृत्तीने टंक व जोडणी दोन्ही दिली. बंद दार उघडण्याचा अधिकार एका व्यक्तीस मिळविता येतो; लिपी घडविण्याचे काम मात्र संस्थेलाच करावे लागते, हा रूटच्या मर्यादेचा धडा येथे मिळतो.

५

जी-१ चे भगदाड बुजल्यावर नवी भगदाडे शोधणे क्रमप्राप्त झाले. २०१० मध्ये ‘एक्स्प्लॉइड’ आणि ‘रेज अगेन्स्ट द केज’ ही दोन साधने प्रसिद्ध झाली. दुसऱ्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. संगणकाशी बोलणारा फोनमधील एक सेवक-प्रोग्राम सुरू होताना रूट असे व लगेच आपला अधिकार उतरवून सामान्य क्रमांक धारण करी. अधिकार उतरला किंवा नाही, हे मात्र तो तपासून पाहत नसे. त्या सामान्य क्रमांकाच्या वाट्यास येणाऱ्या प्रक्रियांची कमाल संख्या आधीच भरून टाकली व सेवकास पुन्हा सुरू होण्यास भाग पाडले, म्हणजे क्रमांक बदलण्याची त्याची विनंती फेटाळली जाई. आणि तो, पद सोडले अशा समजुतीत, रूटच राहून काम करी. परत आलेले उत्तर न पाहण्याची एवढीशी हयगय सबंध व्यवस्था उघडी पाडण्यास पुरेशी ठरली.

तथापि ज्या वाटेने मालक आत जाई, तीच वाट चोरासही मोकळी होती. मार्च २०११ च्या आरंभी गूगलच्या ॲप-बाजारात पन्नासाहून अधिक दूषित ॲप सापडली. प्रचलित ॲपांच्या नकला करून त्यांत ‘ड्रॉइडड्रीम’ नावाचा घातक प्रोग्राम दडविला होता. मालकांनी ज्यांचा उपयोग केला, तीच दोन साधने त्यात होती; त्यांच्या जोरावर तो रूट होई, फोनची ओळखचिन्हे बाहेर पाठवी व आणखी प्रोग्राम आणण्याची वाट मोकळी करी. गूगलने ती ॲप बाजारातून काढली. इतकेच नव्हे तर लोकांच्या फोनांतूनही दुरून काढून टाकली व झालेला बिघाड दुरुस्त करणारा प्रोग्राम आपणहून पाठविला.

ह्या प्रसंगाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने लावणे शक्य आहे. रूट किती धोक्याचे, असे एकाने म्हणावे. दुसऱ्याने म्हणावे की, मालकास न विचारता त्याच्या फोनात हात घालण्याची शक्ती कंपनीकडे आरंभापासून होतीच. दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांचा समन्वय एवढाच की, सर्वोच्च अधिकार नाहीसा कधीच झाला नव्हता. तो कोणाच्या हाती, एवढाच वाद होता.

६

ह्याच काळात अधिकृत मार्गही हळूहळू आखले जात होते. डिसेंबर २००८ मध्ये गूगलने प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी जी-१ चाच मोकळा अवतार ३९९ डॉलरांस दिला. परंतु फेब्रुवारी २००९ मध्ये त्या फोनास नकलेपासून संरक्षित केलेली सशुल्क ॲप दिसेनाशी झाली. मोकळीक दिली, पण संशयासह दिली. सप्टेंबर २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक ह्यांच्या ‘सायनोजेनमॉड’ ह्या सुधारित प्रणालीस, तीत गूगलची स्वतःची बंदिस्त ॲप अंतर्भूत असल्यामुळे, वाटप थांबविण्याची सूचना मिळाली. ती ॲप वगळून प्रणाली वाटावी व ज्याने त्याने आपल्या फोनातील प्रती जपून पुन्हा बसवाव्यात, असा मार्ग निघाला. खुला मजकूर आणि बंदिस्त मालमत्ता ह्यांची सीमा ह्या प्रकरणाने स्पष्ट केली.

जानेवारी २०१० मध्ये आलेल्या नेक्सस वन फोनात संगणकावरून एक आज्ञा दिली असता कुलूप उघडे. तत्पूर्वी हमी रद्द होईल असा इशारा पडद्यावर येई व मालकाने होकार द्यावा लागे. २६ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ह्या संस्थेच्या विनंतीवरून, कायदेशीरपणे मिळविलेले प्रोग्राम चालविण्यासाठी फोनचे कुलूप काढणे हा स्वामित्वहक्क कायद्याचा भंग नव्हे, अशी सवलत जाहीर केली. २०१२ मध्ये ती फोनांपुरती पुढे चालू ठेवली, टॅबलेटांस नाकारली.

रूट करणाऱ्यांच्या गोटातही एक संस्था जन्मास आली. प्रथम रूट केलेल्या फोनात कोणत्याही ॲपने मागितल्यास रूटचा अधिकार मिळे. मग ‘सुपरयूझर’ नावाचा मध्यस्थ प्रोग्राम आला. अमुक ॲप रूटचा अधिकार मागत आहे, द्यावा काय, असे तो दर वेळी मालकास विचारी. मूळ व्यवस्थेत ज्यास क्रमांक नव्हता, त्यास निदान होय किंवा नाही म्हणण्याचे स्थान ह्या लहानशा प्रश्नाने दिले.

७

पुढील काळात रूटची सत्ताही निरंकुश राहिली नाही. २०१३ मधील ४.३ आवृत्तीत एसई-लिनक्स ह्या नियमव्यवस्थेचा प्रवेश झाला व २०१४ मधील ५.० आवृत्तीत तिची सर्वत्र सक्ती झाली. शून्य क्रमांकाच्या प्रक्रियेसही नेमून दिलेल्या कामापलीकडे जाता येईना. साहजिकच जुन्या युक्त्या निरुपयोगी ठरल्या.

२००८ ते २०११ ह्या अवधीचे महत्त्व त्या युक्त्यांत नाही. प्रत्येक भगदाड बुजले, आणि ते बुजणे इष्टच होते. कारण त्याची वाट कोणा एकाची नव्हती. टिकल्या त्या दोन रीती : इशारा देऊन, होकार घेऊन कुलूप उघडण्याची, आणि अधिकार देण्यापूर्वी मालकास विचारण्याची. पहिली रीत कंपनीने घातली, दुसरी नियम मोडणाऱ्यांनी. तरी दोहोंचे तत्त्व एकच आहे. अधिकार चोरवाटेने मिळाला तर तो कोणाचाच राहत नाही. तो मागण्याची व देण्याची उघड रीत असेल, तरच त्यास स्वामित्व म्हणता येते. अशी रीत ज्या वस्तूत नाही, तिच्या पावतीवर कोणाचेही नाव असले, तरी तिचा धनी अन्यत्र आहे असेच म्हणावे लागेल.